रोजनिशी, भोंगा आणि ठिपक्यांची वही

शाळेतल्या एका शिक्षकाच्या नावावर किती वह्या असतात, याची एकदा मोजदाद करून पाहावी. हजेरीपत्रक, दैनिक टाचण, घटक नियोजन, वार्षिक नियोजन, निकालपत्रक, पालकभेटीची नोंद, पोषण आहाराचा हिशेब. आणि आता यांतल्या निम्म्या गोष्टी पुन्हा मोबाईलवर भरायच्या. या सगळ्या वह्यांचे एक समान वैशिष्ट्य असे की, त्या कोणाला तरी दाखवण्यासाठी असतात. आपण आज काय करायचे ठरवले होते, त्यातले काय झाले, काय राहिले, राहिले ते का राहिले आणि दिवसभर आपले मन कसे होते, हे स्वतःलाच दाखवणारी वही मात्र बहुतेक कपाटांत नसते. विद्यार्थ्यांचेही तसेच. परीक्षा जवळ आली की रंगीत पेन्सिलींनी अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लागते, तिसऱ्या दिवशी मोडते आणि चौथ्या दिवशी त्याच्याकडे पाहणेही नको वाटते.

आपला दिवस आपणच आखायचा आणि तो कसा गेला हे आपणच तपासायचे, ही कल्पना तशी अलीकडची आहे. त्यापूर्वी दिवस आखणारे दुसरेच कोणी असत. त्याचा इतिहास सांगण्यासाठी आम्ही सोलापूर शहर निवडले आहे. त्याचे कारण, माणसाच्या दिवसावर मालकी सांगणाऱ्या निरनिराळ्या व्यवस्था या एकाच गावात शेजारी शेजारी नांदल्या.

आकाशाचा दिवस

सोलापूरचे नाव महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत चादरीमुळे माहीत असते, तसेच दाते पंचांगामुळेही. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापुरात हे पंचांग सुरू केले आणि त्यांच्या घराण्यात ते पिढ्यान् पिढ्या चालू राहिले. पंचांगाची पाच अंगे म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. यांतली तिथी ही मोठी मजेशीर वस्तू आहे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी सुमारे १९ तासांत आटोपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. त्यामुळे तिथी पहाटे तीनलाही बदलते आणि दुपारी दोनलाही. अशी वर्षभराची गणिते करून ती घराघरांत पोहोचवणे हे काम लहान नाही. मराठी मुलखात यावरून मोठे वादही झाले. केरो लक्ष्मण छत्रे, वेंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक अशी माणसे गणित आकाशाशी ताडून पाहण्याच्या बाजूने उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातल्या पंचांगांचा अभ्यास केला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. आकाशवाणीवर ती तारीख ऐकू येते, पण घरात कोणी वापरत नाही, हा भाग वेगळा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पंचांग म्हणजे कामांची यादी आखून देणारे तयार साधन होते. पेरणी कधी, लग्न कधी, उपवास कधी, प्रवासाला कधी निघावे, हे ठरवण्याचा भार माणसावर पडत नसे. मनःस्थितीचीही सोय होती. मन उदास का, तर ग्रह अनुकूल नाहीत. येथे पंचांगातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ग्रहणाची वेळ पंचांगात पाहावी आणि गच्चीवर जाऊन ती बरोबर आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. हा भाग पडताळता येतो. भविष्याचा भाग पडताळायला गेले की काय होते, तेही महाराष्ट्रातच पाहून झाले आहे. २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांच्या २०० कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या. कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची, एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढीच आली असती. आजच्या मरगळीचे कारण शोधायचे तर ते कुंडलीबाहेर शोधावे लागेल, हे यावरून शिक्षकांना सांगायला हरकत नाही.

तरीही पंचांगाच्या वंशातूनच एक फार उपयोगी वस्तू घरात आली. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले आणि पंचांग भिंतीवर आले. त्याच्या चौकोनांत घराघरांतल्या बायकांनी काय काय लिहिले ते पाहण्यासारखे आहे: दूध किती घेतले, गॅसची टाकी कधी लागली, भिशीचा हप्ता, धुणेवालीचे खाडे, कोपऱ्यात पाळीच्या तारखेची बारीक फुली. छापलेली तिथी कोणी वाचो न वाचो, शेजारची पेन्सिलीची नोंद मात्र रोज वाचली जाई. स्वतःच्या दिवसाची नोंद ठेवण्याची ही मराठी घरातली सर्वांत यशस्वी पद्धत असावी, आणि ती कोणी शिकवली नव्हती.

गिरणीचा दिवस

रेल्वे सोलापूरला १८६० साली पोहोचली. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदास यांनी पहिली कापड गिरणी उभारली. पुढे आणखी गिरण्या आल्यावर लोक तिला 'जुनी मिल' म्हणू लागले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्यांनी शहराचा दिवस पार बदलून टाकला. घटिका आणि प्रहर मागे पडले, भोंगा आला.

या बदलात एक छोटे गणित दडलेले आहे, ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे. सोलापूरचे रेखांश सुमारे ७५.९ अंश पूर्व. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. फरक ६.६ अंश, एका अंशाला ४ मिनिटे, म्हणजे सुमारे २६ मिनिटे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सोलापूरच्या सरासरी सूर्याला माथ्यावर यायला अजून २६ मिनिटे असतात. प्रत्यक्षातला सूर्य वर्षभरात या सरासरीच्याही मागेपुढे होतो. म्हणून काठीची सावली सर्वांत आखूड होते ती फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४० मिनिटांच्या आसपास आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली. त्याआधी रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालत, म्हणजे तेव्हाही सोलापूरच्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटे पुढे. मुंबईत जानेवारी १९०६ मध्ये या नव्या वेळेविरुद्ध गिरणी कामगारांनी निषेध केला होता. घड्याळ पुढे केल्यामुळे अंधारातच कामावर यावे लागते, हे त्यांना हातातल्या कंदिलावरून समजत होते. त्यासाठी रेखांश शिकण्याची गरज नव्हती.

कामाचे तास तर आज अविश्वसनीय वाटावेत असे होते. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, म्हणजे त्यापूर्वी काय असेल याचा अंदाज यावा. १९२२ साली आठवड्याला ६० तास झाले, १९३४ साली ५४, १९४६ साली ४८. हे आकडे कोणा सद्गृहस्थाने स्वतःहून कमी केले नाहीत. त्यांच्यामागे संप, सभा आणि चौकशी समित्या आहेत. 'वेळेचे नियोजन' हा विषय आज एकट्या माणसाच्या शिस्तीचा म्हणून शिकवला जातो. पण बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्याला नियोजन करायला उरतेच काय? त्याच्या दिवसात मोकळा तास आला तो कायद्याने, आणि कायदा आला संघटनेमुळे. हे विसरून विद्यार्थ्यांना वेळेचे महत्त्व सांगणे आम्हाला अर्धवट वाटते.

याच शहरात भोंग्याशिवाय चालणारा एक दिवसही होता आणि आहे. तो विडी कामगार स्त्रियांचा. पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, सुताने बांधायची आणि हजारावर मजुरी घ्यायची. येथे घड्याळाऐवजी मोजणी मालक असते. स्वयंपाक, मुले, पाणी भरणे या सगळ्यांच्या मधल्या फटींत विड्या वळल्या जातात. आज हजार पुरे झाले की नाही, हा एकच प्रश्न दिवसाच्या शेवटी उरतो. 'घरबसल्या काम' या शब्दांत जी मोकळीक ऐकू येते ती या कामात फारशी नसते.

सोलापुरात आणखी एक वही होती. ब्रिटिश सरकारने १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. त्या कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट वसवण्यात आली. तारेच्या कुंपणाच्या आत राहायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर परवानगी घ्यायची. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही पाच वर्षांनी. 'हजेरी' हा शब्द आपण वर्गात रोज सहज उच्चारतो. या शहरात काही घरांत तो वेगळ्या अर्थाने आठवला जात असेल. नोंद ठेवणे ही गोष्ट आपोआप चांगली नसते. कोण ठेवतो, कोणाची ठेवतो आणि ती वही कोणाच्या ताब्यात असते, यावर सगळे अवलंबून आहे.

रोजनिशी हा शब्द

फारसीत 'रोज' म्हणजे दिवस, आणि 'निशी' मागे 'नविशी', म्हणजे लिहिणे. फडणवीस, चिटणीस यांतले 'नवीस' आणि 'नीस' हेच. पेशव्यांच्या दप्तरात रोजनिशी म्हणजे हुकूम, नेमणुका, इनामे, जमा आणि खर्च यांची दिवसवार सरकारी नोंद. गणेश चिमणाजी वाड यांनी या रोजनिश्यांतून निवडक उतारे काढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे खंड छापले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यांवर एक निबंध वाचला. राजांच्या लढायांपेक्षा या रुक्ष नोंदींतून समाज कसा चालत होता हे जास्त कळते, असा त्यामागचा विचार होता. खासगी मन उघडे करणारी रोजनिशी हा या शब्दाचा अर्थ नंतरचा, इंग्रजी शिक्षणाबरोबर रुळलेला.

व्यापाऱ्यांच्या वहीत याहून कामाची एक गोष्ट आहे. रोजच्या व्यवहाराची नोंद होते ती कीर्दीत, जसा क्रम घडला तशी. मग प्रत्येक नोंद खतावणीत त्या त्या खात्यावर चढवली जाते. कीर्दीवरून दिवस कळतो, खतावणीवरून खाते कळते. दोहोंपैकी एकच वही ठेवली तर धंदा बुडायला वेळ लागत नाही. स्वतःच्या आयुष्याची नोंद ठेवू पाहणारी माणसे बहुधा येथेच अडखळतात. काही नुसती कीर्द लिहितात: रोज पानभर मजकूर, पण सहा महिन्यांनी हाती काय आले ते कळत नाही. काही नुसती खाती उघडतात: इंग्रजी सुधारणे, व्यायाम, वाचन, आणि खात्यात एकही नोंद पडत नाही.

या दोन्ही प्रकारांची दोन नामांकित उदाहरणे आहेत.

ठिपके आणि कलमे

बेंजामिन फ्रँकलिन हा फिलाडेल्फियाचा मुद्रक. विजेवरचे त्याचे प्रयोग शिक्षकांना ठाऊक आहेतच. तरुणपणी त्याने स्वतःला सुधारायचे ठरवले आणि तेही मुद्रकाच्या पद्धतीने, रकाने आखून. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग अशा गुणांची यादी केली. ती आधी बारांचीच होती. तू गर्विष्ठ आहेस असे एका मित्राने सांगितल्यावर तेरावा गुण नम्रतेचा घातला. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर सात वारांचे सात उभे रकाने, तेरा गुणांच्या तेरा ओळी. रात्री त्या दिवशी जो दोष घडला त्याच्या चौकोनात काळा ठिपका टाकायचा. एका आठवड्यात एकाच गुणाकडे खास लक्ष द्यायचे. तेरा आठवड्यांनी फेरा पुरा, आणि तेरा चोक बावन्न, म्हणून वर्षात चार फेरे. आकडेमोड अगदी चोख.

पुढे काय झाले ते अधिक बोधक आहे. जुने ठिपके खरवडून नवे टाकता टाकता कागदाला भोके पडली. मग त्याने रेघा आखलेल्या हस्तिदंती पानांची वही केली. शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत. सर्वांत त्रास कोणी दिला असेल तर व्यवस्थितपणाने. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचे वेळापत्रक त्याने केले होते, पण ते पाळता येईना. नोकर मुद्रकाला ते जमले असते, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले. छापखान्याच्या मालकाला गिऱ्हाइके येतील तेव्हा भेटावे लागते, त्यामुळे जमत नाही. म्हातारपणी, १७८४ साली पॅरिसजवळ राहत असताना त्याने हा सगळा वृत्तांत लिहिला. परिपूर्ण झालो नाही, पण प्रयत्न केला नसता तर होतो त्याहून बरा झालोही नसतो, असा त्याचा हिशेब होता. वहीत खाडाखोड झाली म्हणून वेळापत्रक फाडून टाकणाऱ्या दहावीच्या मुलांना हस्तिदंती पानांची गोष्ट जरूर सांगावी.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे आहे आणि त्यामागची मनःस्थिती जास्त बिकट आहे.

१८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले ३१ वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकवत; त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांत चाले. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली. पण त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून गेली होती. त्यांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात आरोप केले. परत आल्यावर ते आरोप सिद्ध करायची वेळ आली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते, आणि पुरावा तर हवा होता. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी मागितली. सरकारधार्जिण्या पत्रांनी त्यांना खोटारडे म्हटले, स्वकीयांनी भित्रे म्हटले. सार्वजनिक आयुष्य संपले असे कोणालाही वाटावे, अशी ती अवस्था होती. त्या हंगामात ते प्लेगच्या निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबले.

आणि ५ फेब्रुवारी १८९८ ला त्यांनी एका खासगी कागदावर संकल्प लिहून ठेवले. गुरुदेव दत्तांचे स्मरण करून चार कलमे. पहिले, नियमित योगाभ्यास. दुसरे, ज्ञान मिळवायच्या विषयांची यादी: प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, फ्रेंच भाषा. तिसरे, मुंबई कायदेमंडळ, मग वरिष्ठ कायदेमंडळ आणि मग ब्रिटिश पार्लमेंट, या तिन्हींचे सभासद होण्याचा प्रयत्न. चौथे, उच्च तत्त्वाधिष्ठित धर्माचा जगभर उपदेशक होणे.

माफीनंतर सहा महिने झाले होते. ज्याच्याकडे लोक पाठ फिरवत होते, अशा एका शिक्षकाने हा कागद लिहिला, हे ध्यानात ठेवून ही यादी पुन्हा वाचावी. पुढचा हिशेब असा: १८९९ साली मुंबई कायदेमंडळ, १९०१ च्या अखेरीस वरिष्ठ कायदेमंडळावर निवड, २६ मार्च १९०२ ला अर्थसंकल्पावरचे ते प्रसिद्ध भाषण. पार्लमेंट कधीच नाही. जगभर धर्मोपदेशही नाही. पण १२ जून १९०५ ला भारत सेवक समाज स्थापन केला, त्यात सार्वजनिक कार्याला धर्माची उंची देण्याची भाषा आहे. चौथे कलम रूप बदलून पुरे झाले असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पहिले कलम प्रकृतीचे होते. तिथे मात्र शिल्लक निघाली नाही. मधुमेह आणि अतोनात कष्ट यांनी १९ फेब्रुवारी १९१५ ला, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते गेले.

फ्रँकलिनची वही कीर्द होती, गोखल्यांचा कागद म्हणजे खातेबंद खतावणी. गोखल्यांच्या यादीत तारखा नाहीत, रकाने नाहीत. पण रानड्यांच्या हाताखाली आकडे आणि अहवाल यांची जी सवय त्यांना लागली होती, तिने कीर्दीचे काम केले असावे असे आम्हाला वाटते. अंदाजपत्रकावर बोलायचे तर ते वर्षानुवर्षांचे आकडे काढून बसत. त्यांच्या नावाने १९३० साली पुण्यात अर्थशास्त्राची संस्था निघाली. तिच्या धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराचा अभ्यास केला, तो १९६५ साली पुस्तकरूपाने आला. त्याआधी १९२५ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. धान्यावर किती, भाड्यावर किती, कर्जाच्या व्याजावर किती, असे खात्यावार. ज्यांनी स्वतःची खतावणी कधी ठेवली नव्हती, त्यांच्यासाठी ती दुसऱ्यांनी लिहिली. सेटलमेंटच्या हजेरीपेक्षा ही नोंद वेगळी, कारण तिचा उपयोग मजुरीच्या वादात कामगाराच्या बाजूनेही करता येत होता.

लिहिल्याने काय होते

लिहून ठेवल्याने मनावरचा भार उतरतो, हा अनुभव जुना आहे. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेला एक सबंध समास दिला आहे, पण तो अक्षराच्या वळणाबद्दल आणि पोथीच्या निगेबद्दल. मनावर होणाऱ्या परिणामाचा शोध विसाव्या शतकात लागू लागला.

१९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी दाखवले की, अर्धवट सोडलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी सापडला नाही, हेही सांगायला हवे. पण अर्धवट काम मनात टोचत राहते, एवढे रात्री अंथरुणावर पडलेला प्रत्येक शिक्षक सांगेल. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी एक पुढचा प्रश्न विचारला: टोचणी थांबवण्यासाठी काम पुरे व्हावेच लागते का? उत्तर आले, नाही. कधी, कुठे, कसे करणार याचा नेमका बेत केला तरी टोचणी बरीच कमी होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचे काम याच्या जोडीचे आहे. 'मी भूमिती करीन' यापेक्षा 'रात्री जेवण झाले की ओट्याजवळच्या टेबलावर भूमितीची दोन उदाहरणे सोडवीन' हा संकल्प जास्त टिकतो. भिंतीवरचे रंगीत वेळापत्रक तिसऱ्या दिवशी का मोडते याचे एक कारण येथे मिळते. त्यात विषय आणि तास असतात, पण कशानंतर कुठे बसायचे ते नसते, आणि पाहुणे आले तर काय, तेही नसते.

मनःस्थितीचे तसे सोपे नाही. गेला आठवडा कसा गेला असे विचारले, तर आपण तो आजच्या मनातून आठवतो. आज उदास असू तर सारा आठवडा उदास वाटतो. म्हणून त्या त्या दिवशी टाकलेला ठिपका आठवणीपेक्षा अधिक खरा असतो. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहायला सांगितले. त्या वेळी त्यांना अस्वस्थ वाटले, पण नंतरच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम दिसला तो थोडाच. वही हे औषध नव्हे. एखाद्या मुलाची किंवा सहकाऱ्याची उदासी आठवडेच्या आठवडे हलत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर त्याला वही देऊन भागणार नाही. डॉक्टरांकडे न्यावे, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली.

वर्गात करून पाहायचे असेल तर चौदा दिवसांचा एक साधा प्रयोग सुचवतो. प्रत्येक मुलाने एक छोटी वही घ्यावी. डाव्या पानावर कीर्द: उद्या करायची फक्त तीन कामे, प्रत्येकापुढे 'कशानंतर आणि कुठे'; रात्री झाले असेल त्यावर रेघ. त्याखाली सकाळ, दुपार, रात्र असे तीन चौकोन आणि मन बरे असेल तर पोकळ गोल, जड असेल तर भरलेला ठिपका. उजव्या पानावर खतावणी: तीनच खाती, मुलाने स्वतः निवडलेली. आठवड्यातून एकदा, रविवारी, डावीकडचे उजवीकडे चढवायचे. तीनपेक्षा जास्त खाती उघडू देऊ नयेत. गोखल्यांची गोष्ट वेगळी.

या वह्या शिक्षकाने तपासायला मागू नयेत. लाल शाईची सही पडली की ती टाचणवही झाली. मात्र चौदा दिवसांनी मुलांनी नाव न घालता एका चिठ्ठीवर आपापल्या सकाळ, दुपार आणि रात्रीच्या ठिपक्यांची बेरीज लिहून डब्यात टाकावी. चाळीस मुलांच्या वर्गात चौदा दिवसांचे तीन तीन चौकोन म्हणजे १६८० नोंदी होतात. वारंवारता सारणी आणि स्तंभालेख यांच्या धड्याला एवढी सामग्री पुरून उरेल, आणि ती पुस्तकातल्या काल्पनिक गुणांसारखी निर्जीव नसेल. दुपारचे ठिपके जास्त निघाले तर जेवणानंतरच्या तासिकांना कोणते विषय ठेवले आहेत, ते वेळापत्रक करणाऱ्यांनीही पाहावे. ज्याला ठिपका टाकायचा नसेल त्याने चौकोन कोरा ठेवावा. सारणीत त्यासाठी वेगळा रकाना करावा.